बाबांच्या कपाटातल्या सोळा बाटल्या

ठाणे जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलंय, वय ४६. वडील मर्चंट नेव्हीत बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचे मुकादम होते, १९९६ ला रिटायर झाले, दीड वर्षापूर्वी गेले. आईचं घर आवरताना लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात आणि माळ्यावर मिळून सोळा बाटल्या निघाल्या, एकाचंही सील तुटलेलं नाही. जॉनी वॉकर ब्लॅक लेबल पाच, रेड लेबल तीन, शिवास रीगल दोन, मखमली पिशवीतली निळ्या चिनी मातीची रॉयल सॅल्यूट एक, मार्टेल कोन्याक (फ्रेंच ब्रँडी) एक, बेलीज एक, रेड वाईन एक आणि 'फक्त संरक्षण दलांसाठी' असा शिक्का असलेल्या रमच्या दोन, या रम बहुतेक मिलिटरीतल्या काकांनी दिलेल्या. बहुतेक खोक्यांवर वडिलांनी पेन्सिलीनं बंदराचं नाव आणि महिना-वर्ष लिहून ठेवलंय. आईला हे सगळं घरातून जायला हवंय, आजच्या आज. नवऱ्यानं मोबाईलवर वाचलं की एक जुनी व्हिस्की वीस कोटींच्या वर गेली. भाऊ इंग्लंडमध्ये असतो, तो म्हणतो हात लावू नका, मी येऊन थोड्या थोड्या घेऊन जातो आणि इकडे लिलावात टाकतो. ओळखीतून एक माणूस बघायला आला, त्यानं पहिला प्रश्न विचारला 'खोकी आहेत का सगळ्यांची', आणि मग सगळ्याचे मिळून चाळीस हजार सांगून गेला. वडील नेहमी म्हणायचे की नातवाच्या लग्नात उघडू, आणि ताईंचा मुलगा आता १९ चा आहे. ताई विचारतात, खरी किंमत किती, विकायच्या कुठे, आणि वडिलांची दारू विकून पैसे घेणं बरं दिसेल का.

ताई, आधी त्या चाळीस हजारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगा, बाकीचं पत्र नंतर वाचलंत तरी चालेल.

कारण सांगते. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, पूर्वी त्याला मुंबई दारूबंदी कायदा म्हणायचे आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणतात, आणि दुकानं-बार सगळं उघडं दिसत असलं तरी कायदा मुळात असाच आहे की दारू विकायला लायसन लागतं आणि बाळगायला-प्यायलासुद्धा परमिट लागतं. खूप जणांना हे माहीतच नसतं, कारण दुकानात रोज कुणी विचारत नाही. पण आपण घरातून एक बाटली जरी पैसे घेऊन दिली तरी ती विनापरवाना विक्री झाली, मग ती वडिलांची असो, वीस वर्षं जुनी असो, नाहीतर 'आम्ही कुठे धंदा करतोय' असं आपलं प्रामाणिक म्हणणं असो. यात दंड आहे आणि तुरुंगही आहे, आणि पकडलं गेलं तर तो माणूस बाजूला होईल, पत्ता तुमच्या आईच्या घराचा लागेल. रमच्या दोन बाटल्यांचं तर बोलूच नका, मिलिटरी कँटीनचा माल बाहेर विकणं हा वेगळाच गुन्हा होतो.

दुसरं म्हणजे त्याचा तो पहिला प्रश्न. खोकी आहेत का हे त्यानं आधी का विचारलं असेल? माझा नवरा पंचवीस वर्षं हॉटेलच्या बार-स्टोअरला होता, त्यामुळे हा विषय आमच्या जेवणाच्या ताटावर अनेकदा झालाय. स्कॉचची जुनी बाटली, तिचं झाकण, तिचं खोकं, हे सगळं एकत्र शाबूत मिळालं तर त्यात भलतंच काहीतरी भरून पुन्हा विकणारे लोक असतात, आणि म्हणूनच रिकाम्या स्कॉचच्या बाटलीला खोक्यासकट भंगारात इतर काचेपेक्षा जास्त भाव मिळतो. तो माणूस तसलाच आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही. पण तुमच्या बाबांच्या बाटल्या पुढे कुणाच्या पोटात काय बनून जातील यावर तुमचा काही ताबा राहणार नाही, आणि मला वाटतं हे तुम्हाला पैशापेक्षा जास्त लागेल.

आता किंमतीचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय की जुनी म्हणजे महाग. तुमचीच चूक नाही, सगळ्यांनाच असं वाटतं, कारण आपण लोणचं मुरताना बघितलेलं असतं. पण व्हिस्की मुरते ती लाकडाच्या पिंपात. लेबलवर १२ वर्षं लिहिलंय ते पिंपातलं वय, आणि बाटलीत भरून बूच लावलं की ते वय तिथंच थांबतं, मग ती ३५ वर्षं तुमच्या कपाटात राहिली तरी ती १२ वर्षांचीच व्हिस्की. जास्त चांगली झालेली नसते, आणि नीट राहिली असेल तर फारशी वाईटही नसते.

आणि नवऱ्यानं वाचलेली बातमी खोटी नाहीये. मॅकॅलन नावाच्या स्कॉटलंडमधल्या डिस्टिलरीनं १९२६ साली एक पिंप भरलं, ते ६० वर्षं ठेवलं आणि १९८६ मध्ये त्यातून फक्त ४० बाटल्या निघाल्या, त्यातलीच एक नोव्हेंबर २०२३ मध्ये लंडनला सदबीजच्या लिलावात २१ लाख पौंडांच्या वर गेली. चाळीसच बाटल्या, म्हणून तो भाव. ब्लॅक लेबल आणि रेड लेबल जगभर अफाट प्रमाणात बनतात आणि १९८० च्या दशकातही बनत होत्या, आणि तेव्हाच्या न उघडलेल्या बाटल्या अजूनही घराघरांतून निघतायत. ब्रिटनच्या लिलावांत तशी एखादी ब्लॅक लेबल साधारण पन्नास-साठ पौंडांच्या आसपास फिरते, रेड त्याहून खाली, रॉयल सॅल्यूट थोडी वर. त्यातून लिलाववाल्याचं कमिशन जातं.

पण मग बाबांनी एवढं जपून का ठेवलं? इथं थोडं थांबूया, कारण मला वाटतं तुमचा खरा गोंधळ इथं आहे. ते जहाजावर होते तेव्हा बाटलीबंद परदेशी दारू आपल्याकडे सहज आयात होतच नव्हती, २००१ पर्यंत त्यावर कडक निर्बंध होते. फॉरेनची बाटली म्हणजे कुणीतरी बोटीवरून नाहीतर विमानातून आणलेली. आमच्या गल्लीत एक शिपवाले काका होते, त्यांच्या शोकेसमधल्या ब्लॅक लेबलकडे लोक असे बघायचे जसे आता कुणाच्या नव्या गाडीकडे बघतात, आणि डॉक्टरला, वकिलाला, मुलाच्या ॲडमिशनसाठी ज्यांचे पाय धरायचे त्यांना ती बाटली जायची. तेव्हा ती खरंच मौल्यवान होती. आज कोपऱ्यावरच्या वाईन शॉपमध्ये तीच रांगेनं मांडलेली असते, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्य सरकारनं आयात स्कॉचवरची एक्साइज ३०० टक्क्यांवरून १५० वर आणली तेव्हा तर ती आणखी स्वस्त झाली. म्हणजे बाबांनी जे जपलं त्याची किंमत बाबांच्या काळात खरी होती. त्यांना फसवलं गेलं नाही आणि तुम्हीही काही गमावत नाहीये, दुकानात ती सहज मिळायला लागली एवढंच झालं.

तरी बाटल्या एकदा नीट बघाव्यात असं मला वाटतं, विकायला नाही तर काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते ठरवायला. एक रविवार काढा आणि मुलाला सोबत घ्या, त्याला फोटो काढू द्या. प्रत्येक बाटली उभी ठेवून मागून टॉर्च मारा आणि आतली पातळी कुठपर्यंत आहे ते बघा, मानेपर्यंत असेल तर उत्तम, खांद्याच्या खाली गेली असेल तर बुचातून किंवा झाकणातून हवा जात होती, अशा बाटलीची चव गेलेली असू शकते आणि किंमत तर गेलेलीच असते. लेबल ओल्या फडक्यानं अजिबात पुसू नका, कोरड्या ब्रशनं धूळ झाडा. आडव्या ठेवल्या असतील तर आजच उभ्या करा, कारण आडवी ठेवायची ती वाईन, व्हिस्कीतल्या जास्त अल्कोहोलनं बूच कुजतं आणि मोडतं. लेबलवर ७५ सीएल (म्हणजे ७५० मिली) असं लिहिलेली ब्रिटनमधली बाटली साधारण १९९० च्या दशकाच्या सुरुवातीआधीची, त्यानंतर तिकडे ७० सीएल आलं, आणि एक लिटरची असेल तर बहुधा ड्यूटी फ्रीची. कुठे ७० प्रूफ दिसलं तर घाबरू नका, ब्रिटनच्या जुन्या मोजणीत ते आजचे ४० टक्केच. अर्थात तुमच्याकडे पेन्सिलीनं तारखाच लिहिलेल्या आहेत त्यामुळे हे सगळं तुम्हाला कमी लागेल, हे मी इतर वाचकांसाठी लिहितेय ज्यांच्या घरी नुसत्याच बाटल्या निघतात.

निळी रॉयल सॅल्यूट वेगळी बघावी लागेल. ही व्हिस्की १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या निमित्तानं काढली, २१ वर्षांची असते, आणि चिनी मातीच्या सुरईत येते म्हणून आतलं काहीच दिसत नाही. कितीतरी घरांत ती मखमली पिशवीत दिमाखात बसलेली असते आणि आतून अर्धी उडून गेलेली असते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा, ७०० मिली व्हिस्कीचंच वजन साधारण ६६० ग्रॅम भरतं, त्यावर सुरईचं वजन वेगळं, आणि लिलाववाले अशा सुरईचं वजन मुद्दाम यासाठीच छापतात. हलवल्यावर आत खूप डचमळलं तर समजा की बरीच गेलीय.

बेलीज मात्र आजच्या आज ओता. ती क्रीमची लिकर, कंपनीच तिची साधारण दोन वर्षांची हमी देते, आणि तुमची तर निदान पंचवीस वर्षांची असणार. सील शाबूत आहे म्हणून कुणी चाखून बघू नये. रेड वाईनचंही तसंच, आपल्याकडच्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात इतकी वर्षं राहिलेली साधी वाईन आता आंबूस झालेली असणार, ती विषारी नसते पण पिण्यासारखीही नसते. व्हिस्की आणि कोन्याकचं तसं नाही, पातळी ठीक असेल आणि बाबांनी स्वतः बोटीवरून आणलेली आहे हे नक्की असेल तर ती प्यायला चालते. बूच आत मोडलं तर स्वच्छ मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यायची.

भावाच्या बेताबद्दल. भाऊ चुकीचं बोलत नाहीये, ब्रिटनमध्ये व्हिस्कीचे लिलाव कायदेशीर आहेत, लायसन लिलाववाल्याकडे असतं आणि सामान्य माणूस त्यांच्यामार्फत विकू शकतो. पण तिकडे पोचवायचं कसं? विमानात चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के अल्कोहोलची दारू माणशी ५ लिटरच नेता येते, तीही बंद मूळ पॅकिंगमध्ये. ब्रिटनमध्ये उतरताना स्पिरिट्स, म्हणजे व्हिस्की-रमसारखी कडक दारू, ४ लिटरपर्यंत बिनकराची सोडतात पण ती स्वतःला प्यायला किंवा भेट द्यायला, विकायला नेत असाल तर ती सवलत लागू होत नाही, डिक्लेअर करून कर भरावा लागतो. मग पन्नास पौंडांच्या बाटलीवर कर, कमिशन, आणि बॅगेतली वीस किलोतली जागा, ज्यात त्याला आईच्या हातचे लाडू आणि मेतकूट न्यायचं असतं. हिशोब बसत नाही हो. माझं ऐकाल तर भावानं एक-दोन बाटल्या जरूर न्याव्यात पण स्वतःच्या वाट्याच्या म्हणून, तिथे बाबांच्या आठवणीत मित्रांबरोबर उघडायला, ते नियमातही बसतं आणि मनातही. आणि दोघांनी एक काम करा, त्या लिलावांच्या साईटवर आधी झालेल्या विक्रीचे आकडे उघड असतात, तुमची नेमकी बाटली शोधून प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत दोघांनी एकत्र बसून बघा, व्हिडिओ कॉलवर. कुणीतरी मागितलेली किंमत बघू नका, मागायला काय, कुणीही लाख मागतं. भावा-बहिणीत उद्या 'तू कमी भावात घालवलंस' असं यायला नको म्हणून सांगतेय, अशा गोष्टींत पैसे थोडे असतात आणि शब्द फार लागतात.

मग दुकानदाराला देता येईल का असंही तुमच्या मनात असेल. नाही येत, वाईन शॉपवाला फक्त लायसन असलेल्या पुरवठादाराकडूनच माल घेऊ शकतो, तुमच्या घरातली बाटली त्याच्या रजिस्टरमध्ये चढतच नाही. ऑनलाइन जाहिरात टाकणं तर अजिबात नको, तिथे एकतर नियम मोडतो आणि दुसरं म्हणजे 'मी ॲडव्हान्स पाठवतो हा क्यूआर स्कॅन करा' म्हणणारे टपलेलेच असतात. आणि गोव्यात नेऊन विकू असं कुणी सुचवलं तर तेही नको, विकायला लायसन तिकडेही लागतं.

म्हणजे राहतात तीनच वाटा: ठेवणं, घरच्यांनी पिणं, ओतणं. ठेवायच्या असतील तर आधी परमिट. बाबांकडे परमिट असेल तर ते त्यांच्या नावाचं होतं, त्यांच्याबरोबर संपलं. तुमच्या मिस्टरांना चालत असेल तर त्यांनी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून स्वतःच्या नावानं परमिट काढावं, ऑनलाइनही होतं, आणि त्यावरही १२ युनिटची मर्यादा असते, तुमच्या सोळा बाटल्या त्यात बसतात का ते तिथेच विचारून घ्या. काका किंवा चुलतभाऊ कुणी आठवण म्हणून एखादी मागितली तर त्यांच्याकडेही परमिट आहे ना हे बघून द्या, पैसे न घेता, आणि शंका असेल तर याच विभागाच्या जिल्हा अधीक्षक कार्यालयात जाऊन सरळ विचारा, वडिलांच्या बाटल्या आहेत काय करू म्हणून, विचारणं हा गुन्हा नाही. हे वाचणारं कुणी वर्धा-गडचिरोलीचं असेल तर तिथे दारूबंदी आहे, तुम्ही ठेवायच्या भानगडीतच पडू नका.

आईचं काय? तुम्ही लिहिलंय की तिला लाज वाटते, आणि तुम्हाला वाटतं की ती बाबांवर अन्याय करतेय. मला वाटतं ती ज्या घरात राहते त्या घरात काय असावं हे ठरवायचा हक्क पहिला तिचा आहे, तुमचा आणि भावाचा नंतर. त्यामुळे बाटल्या या आठवड्यात तिच्या घरातून हलवा, परमिट होईपर्यंत काय करायचं ते त्याच कार्यालयात विचारून. तिला 'विकून एवढे पैसे आले असते' हे सांगू नका, कारण आले नसते.

आणि पैसे घेणं बरं दिसेल का या प्रश्नाचं. कायद्यानं शक्य असतं तर मी घ्या म्हटलं असतं. वडिलांचं घड्याळ, सोनं, जमीन विकताना आपण एवढा विचार करत नाही, दारू म्हटलं की करतो. बोसनचं काम म्हणजे डेकवर ऊन, पाऊस, दोरखंड आणि रंगकाम, त्या पगारातून त्यांनी हे घेतलं होतं, त्यात कमीपणा कशाला.

ओतायचं ठरलं त्या बाटल्यांसाठी एवढंच की गॅस बंद करून, खिडकी उघडून, थोडं थोडं पाण्याबरोबर सिंकमध्ये, कारण ४० टक्क्यांचं द्रव पेट घेतं. मग लेबल खरवडून काढा, झाकण वेगळं करा, खोकं फाडा, आणि नंतरच काच भंगारवाल्याला द्या. ही एक सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी, तुमच्या घरी पार्टी झाली असेल तरीही. निळी सुरई रिकामी झाली तर ठेवा, त्यात निशिगंधाच्या दोन कांड्या छान राहतात.

नातवाच्या लग्नाचं राहिलं. व्हिस्कीसाठी महाराष्ट्रात वय २५ लागतं, मुलगा १९ चा, म्हणजे त्याला अजून सहा वर्षं आहेत, आणि लग्नाचं कोण सांगतंय, आजकालची मुलं कधी करतात. मी दोन बाटल्या निवडेन, पातळी सगळ्यात चांगली असलेल्या, आणि त्या परमिटवर तुमच्याकडे उभ्या ठेवेन, अंधारात, गॅसपासून लांब. त्याचं लग्न झालं तर तेव्हा, नाही झालं तर तो म्हणेल तेव्हा. त्याला प्यायची नसली तर मोठ्यांनी घ्यावी, बाबांनी 'उघडू' म्हटलं होतं, कुणी प्यायची ते सांगितलं नव्हतं.

खोकी फाडण्याआधी मात्र बाबांनी पेन्सिलीनं लिहिलेलं सगळं एका वहीत उतरवून घ्या, फोटोही काढा, पेन्सिल पुसट होत जाते. लिलाववाल्यांना खोक्यावरचं लिखाण नको असतं, त्यांच्या हिशोबात तो डाग. तुमच्या हिशोबात ती बाबांच्या नोकरीची यादी आहे, कुठल्या वर्षी कुठल्या बंदरात होते ती. एका दुपारी आईजवळ बसून ती नावं नुसती वाचून दाखवा, बाटल्यांचा विषय काढू नका. त्या त्या वेळी ते किती महिन्यांनी घरी आले होते हे तिला सांगता येईल.